'आत्महत्येचा जीन' आणि मोडलेली सोयरीक

भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. अमेरिकेत आत्महत्येचा जीन सापडला, रक्त तपासलं की कळतो, एकानं जीव दिला की त्या घरात तीन पिढ्या उतरतो, म्हणून सोयरीक करताना घराणं बघा, आणि त्या घरातल्या पोरांपुढं हा विषय काढू नका, काढला की जीन जागा होतो. हा मेसेज तासगावकडच्या पाहुण्यांपर्यंत पोचला, जिथं माझ्या चुलतबहिणीची सुपारी फुटायच्या बेतात होती. तिचे वडील, म्हणजे माझे काका, ती लहान असतानाच असे गेले. पाहुण्यांनी मध्यस्थांना तोच मेसेज पाठवला, खाली 'आमचं नको' एवढंच. त्यामुळं गोडीत लिहायला मला जमणार नाही.

असा एक जीन नाहीच. 2023 च्या मोठ्या अभ्यासात आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या 43,871 लोकांचा डीएनए नऊ लाखांवर इतर लोकांशी ताडून बघितला, तेव्हा डीएनएवरच्या 12 जागा हाती लागल्या आणि प्रत्येकीचा परिणाम अगदी इवलासा.

घराण्याचा काहीच संबंध नाही असं मी म्हणत नाही, तेवढं मान्य करावंच लागतं. जुळ्यांच्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचा वाटा साधारण 30 ते 55 टक्के धरतात. पण हा आकडा अख्ख्या समाजातल्या माणसामाणसांतल्या फरकाचा आहे, एका पोरीच्या नशिबाचा नाही. मानसोपचारतज्ज्ञ एलेक रॉय आणि सहकाऱ्यांचा 1991 चा अभ्यास बघा. एकानं तरी जीव दिलाय अशा एकसारख्या जुळ्यांच्या 62 जोड्या त्यांनी घेतल्या, त्यातल्या 7 जोड्यांत दुसराही तसाच गेला. वेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांच्या 114 जोड्यांत 2. म्हणजे रक्ताचा संबंध आहे, खरं आहे, पण उरलेल्या 55 जोड्यांचं काय? जीन तेच, आईबाप तेच, तरी दुसऱ्यानं तसं केलं नाही. आणि इथं बापाचे निम्मे जीन घेतलेल्या पोरीचं लग्न मोडायला निघालेत!

'तीन पिढ्या' कुठनं काढलं देव जाणे. 2009 मध्ये मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी आत्महत्या केलेल्यांच्या मेंदूत ताण आवरणाऱ्या एका जीनवर रासायनिक खुणा बघितल्या, त्या वाढलेल्या दिसल्या ते फक्त लहानपणी छळ झालेल्या 12 जणांत. छळ न झालेल्या 12 जणांत नाही. म्हणजे पोराला कसं वागवलं त्याचा हा प्रश्न, आजानं काय केलं त्याचा नाही.

रक्ताच्या तपासणीचं मूळ अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या 2014 च्या संशोधनात असावं, पेपरात तेव्हा लय गाजलं. दवाखान्यात रोजच्या वापरात अशी तपासणी अजून आलेली नाही, संपला विषय.

सगळ्यात वाईट ते 'विषय काढू नका'. आमच्यात तेच केलं. काकांच्या तिथीला नैवेद्य होतो, पण नाव कुणी घेत नाही. चुलतबहीण बारावीत असताना वर्गातल्या कुणीतरी तिला बाप कसा गेला ते सांगितलं आणि ती मला जिन्यात गाठून विचारत होती, "दादा, मलापण तसं होईल का?" हा प्रश्न पोटात घेऊन ती एकटी फिरत होती आणि घरातली मोठी माणसं गप्प बसली म्हणजे तिला जपतोय असं समजत होती. विचारल्यानं डोक्यात ते खूळ भरतं हा गैरसमज आहे, जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते, उलट सरळ विचारलं तर माणूस बोलायला लागतो.

आणि सगळं जीनवरच असतं तर श्रीलंकेत काय झालं ते सांगा. तिथं 1995 पासून जहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी आणली आणि पुढच्या वीस वर्षांत आत्महत्यांचं प्रमाण सुमारे 70 टक्क्यांनी खाली आलं. तिथल्या लोकांचे जीन काय बदलले नव्हते. आपल्याकडं द्राक्षाच्या प्रत्येक बागेत फवारणीचं औषध असतं आणि निम्म्या घरात ते पडवीत उघड्यावर पडलेलं असतं. घराण्याची चौकशी करण्यापेक्षा त्याला कुलूप लावा, किल्ली एकाकडंच ठेवा. आणि घरात कुणी गप्प गप्प राहायला लागलं, जगून काय करायचं असं बोलायला लागलं, तर शेजारी बसून विचारा, एकट्याला सोडू नका आणि 14416 ला टेली मानसवर, म्हणजे सरकारच्या मदतीच्या फोनवर, फोन लावा, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत.