उरलेल्या माल्ट-हॉप्सची पेल एल 'विष' वगैरे नसते हो

घरी बीअर करणाऱ्या आपल्या लोकांच्या ग्रुपांत सध्या एक मेसेज फिरतोय. थोडक्यात असा: "आधीच्या बॅचचं उरलेलं माल्ट, उघडलेले हॉप्स, जुनं यीस्ट वापरून पेल एल करू नका, मिथेनॉल तयार होतं, डोळे जातात, नाहीतर व्हिनेगर होतं, आणि चवीची तर खिचडीच. उरलेलं सरळ फेकून द्या." (नवख्यांसाठी: माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, हॉप्स म्हणजे बीअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं, पेल एल म्हणजे फिकट रंगाची, हॉप्सचा वास असलेली बीअर.) मी इकडे अमेरिकेत आहे, इथे घरी पिण्यापुरती बीअर करणं १९७८ च्या कायद्याने केंद्राच्या पातळीवर मोकळं झालं, एका माणसाला वर्षाला १०० गॅलन, विकायची मात्र नाही. (महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बनवणं हा गुन्हा आहे, तेव्हा पुण्या-मुंबईच्या मंडळींनी हे नुसतं वाचायला घ्या.)

आधी मिथेनॉल, कारण सगळ्यात जास्त घाबरवतंय तेच. फळांमधल्या पेक्टिनपासून थोडं मिथेनॉल होऊ शकतं, धान्याच्या बीअरमध्ये ते नगण्य असतं, आणि माल्ट पिशवीत सहा महिने पडून राहिलं म्हणून ते वाढत नाही. आपल्याकडे ही भीती येते कुठून ते कळतं, २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने १०० हून जास्त माणसं गेली. पण ते आंबवण्यातून झालेलं नव्हतं, कारखान्यात वापरायचं मिथेनॉल दारू म्हणून विकलं गेलं होतं. दोन्ही एका वाक्यात कोंबणं म्हणजे उगाच घबराट.

व्हिनेगरचं. अहो, वर्ट (माल्टचं गोड पाणी) तासभर उकळतोच ना आपण? माल्टवर जे काही बसलं असेल ते तिथेच मरतं. आंबट होते ती उकळल्यानंतर, फर्मेंटर (आंबवायचं भांडं) किंवा नळी नीट सॅनिटाइझ (जंतुमुक्त) केली नाही तर, आणि व्हिनेगरच्या जंतूंना तर हवा लागते. नवंकोरं सामान आणून झाकण सैल ठेवलंत तरी तेच होणार.

आता खिचडी. इथे मेसेजवाला चुकून खऱ्या गोष्टीच्या जवळ गेलाय, कारण मात्र भलतंच दिलंय. वेगवेगळे माल्ट मिसळणं हा दोष नाहीच, कॅलिफोर्नियातल्या चिकोची सिएरा नेवाडा पेल एल १९८० पासून चालू आहे, तिच्यातही पेल माल्टबरोबर कॅरॅमल माल्ट असतं. गोची अशी की घरात उरतं काय? बेस माल्ट (पेलसारखं मुख्य माल्ट) संपून जातं आणि उरतात क्रिस्टलची (म्हणजे कॅरॅमल माल्टचीच) पाकिटं, मूठभर चॉकलेट माल्ट, कुठलंतरी रोस्टेड. मग माणूस 'संपवून टाकू' म्हणून सगळं ओततो आणि गोडमिट्ट तपकिरी काहीतरी हातात येतं, वर क्रिस्टल नि रोस्टेडमध्ये एन्झाइम शिल्लक नसतात, त्यामुळे बेस कमी पडला तर मॅशमध्ये (दळलेलं माल्ट गरम पाण्यात भिजवताना) स्टार्चची साखरच नीट होत नाही. २० लिटरसाठी मी साधारण असं धरतो: पेल माल्ट अडीच किलो, म्युनिक माल्ट १ किलो, गव्हाचं माल्ट ६०० ग्रॅम, क्रिस्टल फार तर २५० ग्रॅम, मॅश ६६ डिग्रीला. ७० टक्के एफिशियन्सीने (म्हणजे माल्टमधली तेवढी साखर पाण्यात उतरली तर) ओजी, म्हणजे आंबण्याआधीची घनता, १.०४७ च्या आसपास येते, अमेरिकन पेल एलला तेवढी पुरते. चॉकलेट माल्टची पिशवी बांधून परत कपाटात ठेवायची, ते पोर्टरच्या (काळपट बीअरच्या) वेळी निघेल. आणि माल्ट दळलेलं आहे की अख्खं हे बघा, अख्खं कोरड्या डब्यात वर्षभर आरामात राहतं, दळलेलं लवकर शिळं होतं, दाणा चावून बघा, मऊ पडला असेल तर सोडा.

हॉप्सवर मात्र त्या मेसेजमध्ये एकच ओळ आहे, "उघडलं की गेले", आणि तिथेच सगळ्यात जास्त पैसे कचऱ्यात जातात. हॉप्स बिघडतात ते हवेने आणि उष्णतेने, पाकीट कात्रीने कापलं म्हणून नाही. हवा काढून सील करून फ्रीझरमध्ये ठेवलेले महिनोन्महिने चालतात, तेच स्वयंपाकघराच्या फळीवर क्लिप लावून ठेवलेले उन्हाळ्यात खराब होतात. जात पण बघायला लागते, कॅस्केड लवकर उतरतो, मॅग्नम बराच दम धरतो. पाकिटावर अल्फा (कडूपणा देणारं आम्ल) ५.५ टक्के लिहिलंय आणि ते जुनं आहे, तर हिशोबात ४ धरा आणि ३० ग्रॅमच्या जागी ४० घाला, कडूपणा जवळपास तेवढाच येतो. तळहातावर चोळून वास घ्या, चीजसारखा किंवा घामट मोज्यांसारखा आला तर पेल एलला नकोच. (ब्रसेल्सच्या बाजूला लॅम्बिक (जंगली यीस्टने आंबवलेली आंबट बीअर) करणारे मुद्दाम दोन-तीन वर्षं जुने हॉप्स वापरतात, त्यांना कडूपणा नको असतो, बीअर टिकवण्याचा गुण हवा असतो. पण ती बीअरच वेगळी.) वास फिका आहे पण वाईट नाही असे हॉप्स ६० मिनिटांच्या उकळीत ढकला, शेवटच्या पाच मिनिटांना आणि ड्राय हॉपला (उकळीनंतर, थंड बीअरमध्ये घालायला) जे सगळ्यात ताजं असेल तेच.

यीस्टचं त्यांचं बरोबर आहे, मान्य. उघडलेलं सुकं पाकीट फ्रीजमध्येसुद्धा आठवड्याभरापलीकडे धरू नये, लिक्विड असेल तर स्टार्टर करून (थोड्या वर्टमध्ये आधी वाढवून) बघावं, आणि एवढी कटकट नको असेल तर ११.५ ग्रॅमचं नवीन पाकीट आणा की. पूर्ण बॅचमध्ये एवढी एकच गोष्ट नवी घेतली तरी भागतं.

गंमत म्हणजे खरोखर इजा करू शकते ती गोष्ट त्या मेसेजमध्ये नाहीच. आंबणं पूर्ण व्हायच्या आत बाटल्या भरल्या तर त्या फुटतात, काचा उडतात. उरलेल्या यीस्टवर रेंगाळलेल्या बॅचला तर हे जास्तच लागू, ती थांबल्यासारखी दिसते आणि बाटलीत परत सुरू होते. हायड्रोमीटर (घनता मोजायचं साधन) लागोपाठ तीन दिवस तोच आकडा दाखवेपर्यंत बाटलीला हात लावायचा नाही, आणि मग फेस यावा म्हणून साखर लिटरला ६ ग्रॅमच्या आसपास, काट्यावर मोजून, चमच्याने अंदाजपंचे नाही.