मानकुराद आणि कार्नेशन

आमच्या घरात फूल सकाळी देवावर नाहीतर बायकांच्या केसांत, आणि दुसऱ्या दिवशी निर्माल्यात. गोव्यातल्या म्हार्दोळच्या जाईला किंवा अबोलीच्या फातीला, म्हणजे गजऱ्याला, कोणी कधी पाणी विचारलेलं मला आठवत नाही. त्यामुळे मे महिन्यात बायको निवृत्त झाली आणि निरोप समारंभातून कार्नेशनचा भलामोठा गुच्छ घेऊन आली, तेव्हा घरात पेशंट आलाय हे माझ्या लक्षात आलं नाही.

ड्यूटी मला लागली. "अहो, तुम्ही दोन वर्षं रिकामेच आहात," हा निकष.

देठ तिरके कापायचे, तेही पाण्याखाली. नाहीतर हवेचा बुडबुडा देठात अडकतो आणि पाणी वर चढत नाही. आता आमच्याकडे धार म्हणजे आदाळी, म्हणजे विळी, आणि ती काही बादलीत बुडत नाही. शेवटी मासळीच्या कात्रीनं कापले. संध्याकाळपर्यंत दिवाणखान्यात कार्नेशनला बांगड्याचा वास होता. (तसा तो वाईट नसतो, पण पाहुण्यांना समजावून सांगावा लागतो.)

पाण्यात बुडणारी पानं खुडली, कारण ती कुजतात. चमचाभर साखर घातली. साखरेवर फूल पोसतं तसे जंतूही पोसतात, आणि आमच्याकडे मुंग्याही. मध्यरात्री उठून फुलदाणी पाण्याच्या परातीत ठेवली. रोज पाणी बदलायचं, देठाचं टोक पुन्हा कापायचं. बाळंतिणीचीसुद्धा आमच्याकडे इतकी बडदास्त झाली नव्हती.

उकाडा होता म्हणून फुलदाणी घरातल्या सर्वांत थंड खोलीत हलवली. दुसऱ्या दिवशी सगळ्या पाकळ्या आत मिटलेल्या, जणू दुपारची वामकुक्षी. पुष्कळ चौकशीअंती कारण सापडलं. त्याच खोलीत खाटेखाली गवतात मानकुराद आंबे पिकत घातले होते. पिकत्या फळातून इथिलीन वायू सुटतो आणि कार्नेशनला तो अजिबात सोसत नाही.

"आंबे दुसरीकडे ठेवू या का?" मी आईला विचारलं.

"आंबे हालचे नात!"

मग पेशंटच न्हाणीघरात हलवला, पण उशीर झाला होता. सहाव्या दिवशी एकच फूल धड उरलं. बायकोनं ते खुडून केसांत माळलं आणि देवळात निघून गेली. संध्याकाळपर्यंत ते पार सुकलं. त्याबद्दल मला कोणी एक शब्द विचारला नाही.