अंग भरलं नाही, सूज आहे ती!

आज शेजारच्या गल्लीत डोहाळजेवण होतं. आठवा महिना. कासारीण बांगड्या भरायला बसली तर पोरीच्या हातात चुडा चढेना, साबण लावला तरी नाही. आणि बायका काय म्हणतात, "बघा कसं अंग भरलंय, तोंडावर तेज आलंय." पोरगी हळूच म्हणाली, दोन दिवस झाले डोकं ठणकतंय. तर तिची आत्या, "फुलांचा वास चढला असेल, पड जरा."

टाळकंच सटकलं माझं. तोंड सुजलंय, अंगठी बोटात रुतलीय, डोकं ठणकतंय, म्हणजे बीपी वाढलंय का ते बघायचं, आणि तुम्हाला तेज दिसतंय??

२०१४ ला माझ्या वहिनीचं अगदी हेच झालं होतं. हाच हिरवा चुडा, असेच सुजलेले हात. डोकं दुखतंय म्हणाली तर बाम कुणी चोळला? मी. कॉलेजात जाणारी, घरातली शहाणी. रात्री तिच्या डोळ्यापुढे अंधारी आली, पहाटे झटके. कुणीतरी म्हणालं बाहेरचं आहे, मग लिंबू उतरवा, अंगारा लावा, त्यात अर्धा तास गेला, मग जीप शोधा. दवाखान्यात सलाईन लावायला जागा मिळेना म्हणून सिस्टरने तिच्या बांगड्या एकेक करून फोडल्या, आणि आई बाहेर त्या आवाजानेच रडत होती. बीपी १८०/१२०. मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन दिलं तेव्हा झटके थांबले.

आणि तिच्या गरोदरपणातल्या तपासणीच्या कार्डावर? चार भेटी, चारही वेळा ११०/७०. एका पेनाने, एका बैठकीत लिहिल्यासारखं. मशीनचे सेल संपले होते म्हणे.

हो, नर्सबाईंना आणि आशाताईंना रजिस्टरांतून मान वर काढायला वेळ नसतो, मान्य. पाय तर बहुतेक गरोदर बायकांचे सुजतातच, तेही मान्य. पण पट्टा बांधून बीपी बघायला दोन मिनिटं लागतात हो! वरचा १४० किंवा खालचा ९०, यातलं एक जरी गाठलं तरी घरी बसायचं नाही. लघवीत प्रोटीन जातंय का ते साध्या पट्टीवर कळतं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची फुकट तपासणी असते, पण त्या दिवशी नेमकं कुणाच्या तरी शेतात खुरपणी निघते.

वर आज एक काकू म्हणाल्या, बीपीची गोळी आहे की घरात, सासरे घेतात. अहो काकू, सासऱ्यांची टेल्मिसार्टन गरोदरपणात चालत नाही, बाळाच्या किडनीवर येतं. गरोदर बाईला चालणाऱ्या गोळ्या वेगळ्या असतात, त्या डॉक्टर देतील. आणि नुसतं मीठ बंद करून गरोदरपणातलं हे बीपी बरं होत नाही.

जाऊ दे. मी तरी कुणाला बोलणार, बाम मीच चोळला होता. वहिनी वाचली, बाळ चौदाशे ग्रॅमचं झालं, आज माझ्या डोक्यावर बसतंय. पण काचेची बांगडी वहिनीने त्यानंतर कधी घातली नाही.

तर आज ओटी अर्धी टाकून पोरीला उपकेंद्रात नेलं. १६०/११०. तिथून १०८ ने पुढे पाठवलं. आत्याबाई अजून फुरंगटून बसल्यात, चुडा अर्धाच भरला, अपशकुन झाला म्हणून.

वहिनीला फोन करून सांगितलं. बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "तिची अंगठी आत्ताच काढून घ्या, नंतर निघत नाही."