खुलासा: करार कायद्याच्या तौलनिक अभ्यासाविषयी

‘भारतीय करार कायदा इंग्रजी कायद्याची नक्कल आहे, त्यामुळे तौलनिक अभ्यासाला इंग्रजी निवाडे पुरेत’ असा संदेश मुंबईतील विधी विद्यार्थ्यांमध्ये फिरत आहे. तो चुकीचा आहे.

1872 च्या कायद्याची मुळे इंग्रजी असली, तरी इंग्लंडमध्ये प्रतिफल (म्हणजे वचनाच्या बदल्यात दिलेला मोबदला) वचन घेणाऱ्याकडूनच यावे लागते. आपल्या कलम 2(घ) नुसार ते अन्य कोणाकडूनही चालते. अंधेरीतल्या एखाद्या कंपनीने ‘नोकरी सोडल्यावर वर्षभर प्रतिस्पर्ध्याकडे जाणार नाही’ असे लिहून घेतले, तर इंग्रजी न्यायालय अट वाजवी आहे का ते पाहील. इथे मात्र कलम 27 मुळे ती रद्दबातल ठरते, आणि पोटासाठी नोकरी बदलणाऱ्याला हा फरक मुळीच लहान नाही. जर्मन कायद्यात तर प्रतिफलाची अटच नाही.