मैफल तुमची, तबकडी माझी

पुण्यातल्या आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी पिल्लू सोडलं: आपापले पाच आवडते अल्बम क्रमाने पाठवा. दुपारपर्यंत दोन तट पडले. एक म्हणे, अभिजात गाण्याला नंबर लावणं हाच करंटेपणा. दुसरा म्हणे, गाणं ऐकायचं ते मैफलीत. तबकडी म्हणजे नुसता फोटो. दोन्ही तटांचं एकमत एवढ्यावरच झालं की लॉस एंजेलिसमध्ये बसलेल्याने यात तोंड घालू नये. म्हणून घालतोय.

मैफलवाल्यांची बाजू कच्ची नाही. ज्या गावात 1953 पासून सवाई गंधर्व महोत्सव होतो, डिसेंबरच्या थंडीत लोक शाली पांघरून तासन्‌तास बैठक मोडत नाहीत, तिथल्या माणसाला रेकॉर्ड शिळी वाटणारच. समोरचा श्रोता बघून गवई राग फुलवतो, आज गायला तसा उद्या गात नाही. कबूल. पण माझ्या वाट्याला संध्याकाळी येतो तो 405 हायवेवरचा तुंबलेला ट्रॅफिक, आणि त्यात ऐकून ऐकून माझं पक्कं मत झालंय की लाँग-प्ले तबकडीच्या एका बाजूची वीस-बावीस मिनिटं ही काही गवयांनी अडचण न मानता कामाला लावली.

पहिला नंबर त्यामुळे किशोरीताई आमोणकरांच्या बागेश्री आणि भूप या रागांच्या तबकडीला. एका बाजूला बागेश्री, दुसऱ्या बाजूला भूप. 'प्रथम सुर साधे' हा विलंबित, म्हणजे संथ लयीतला ख्याल आणि मग 'सहेला रे'. पाचच स्वरांचा राग, लपायला जागा नाही. तरी ताई घाईत आहेत असं कुठेही वाटत नाही. आलाप हवा तिथे थांबतो, पुढचा स्वर त्या उगाच लांबवत नाहीत आणि तोडतही नाहीत. काय गायचं नाही हे आधी ठरवल्याशिवाय असं गाता येत नाही, आणि ते ठरवणं मला मैफलीपेक्षा इथे जास्त स्पष्ट ऐकू येतं. ॲपवाल्यांनी मात्र यातली मजा घालवली. भूप संपतो न संपतो तोच कुणाचं तरी भजन आपोआप अंगावर येतं.

दुसरी भीमसेन जोशींची 'अभंगवाणी'. खळे, राम फाटक यांच्या चाली, तो आवाज. यावर वाद घालणारा पुणेकर अजून भेटायचाय.

तिसऱ्या नंबरवर ग्रुप हसला: 'गारवा', 1998. "अरे, कॉलेजातली पोरं ऐकायची ते!" ऐकायचीच. मिलिंद इंगळेंची चाल आणि आवाज, सौमित्रची कविता, आधी ती वाचलेली आणि मग गाणं सुरू. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका पावसाचा मूड धरून ठेवणारे मराठी अल्बम किती निघतील? आपल्याकडे सुटी गाणी उदंड, अल्बम म्हणून बेतलेलं थोडं. किशोरीताईंच्या खाली दोनच पायऱ्यांवर सौमित्र बसला म्हणून काही भूप बाटत नाही.

इथे अमेरिकेत हा सोवळेपणा नाही. 'रोलिंग स्टोन' मासिकाच्या पाचशे अल्बमांच्या यादीत 2003 साली बीटल्सचा 'सार्जंट पेपर' पहिला होता. 2020 च्या नव्या यादीत तो चोविसावा झाला आणि मार्विन गे पहिला. त्याच यादीत हिप-हॉपवाली लॉरिन हिल दहावी आणि माइल्स डेव्हिसचा जॅझ अल्बम 'काइंड ऑफ ब्लू' एकतिसावा. लोक भांडले, पण जॅझला यादीत ओढलंच कशाला, असं म्हणून कुणी भांडलेलं माझ्या कानावर आलं नाही. अर्थात इथलं सगळंच घेण्यासारखं नाही. मत देणारे बदलले की यादी बदलते, आणि कॉन्सर्टमध्ये गाणं अल्बमबरहुकूम झालं नाही तर लोक हिरमुसतात. त्या बाबतीत सवाईचा श्रोता केव्हाही उजवा.

चौथा 'जैत रे जैत', 1977. महानोरांचे शब्द आणि हृदयनाथांचं संगीत, त्याला कुणाची शिफारस लागत नाही. पाचवा 'सैराट'. त्याचा वाद्यवृंद इथेच, कल्व्हर सिटीतल्या सोनीच्या स्कोअरिंग स्टेजवर, म्हणजे सिनेमाचं संगीत मुद्रित करायच्या स्टुडिओत, ध्वनिमुद्रित झाला. त्यामुळे माझ्यावर पक्षपाताचा आळ आला, आणि तो अगदीच खोटा नाही. पण 'झिंगाट' वरातीत वाजतं म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी 'याड लागलं'मधली व्हायोलिनं एकदा हेडफोन लावून ऐकावीत.

राहिलं गीतरामायण. ते यादीत नाही म्हणून मला पुण्यातून हद्दपार करण्याची भाषा झाली. माझा प्रश्न साधा आहे: कुठलं गीतरामायण? 1955 च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर दर आठवड्याला एक अशी 56 गाणी झाली, ती निरनिराळ्या गायक-गायिकांच्या आवाजात. तबकड्यांवर आलं ते एकट्या बाबूजींचं, म्हणजे सुधीर फडक्यांचं. ज्यांच्या घरी रेडिओवरचं ऐकलं गेलं ते तबकडीवाल्याला नाकं मुरडतात, आणि तबकडीवर वाढलेल्यांना दुसरं काही माहीत नाही. आधी तुमचं तुम्ही मिटवा, मग मी सहावा नंबर उघडतो.