ताई, आधी पाटावरून खाली उतरा

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी टाकलं, "किचनचा ग्रॅनाइटचा ओटा बदलायचाय, चांगला आणि स्वस्त कॉन्ट्रॅक्टर सुचवा." दहा मिनिटांत सतरा नंबर. नुसते नंबर हां. ह्या माणसाने आमच्याकडे काय काम केलं, कसं केलं, नंतर फोन उचलला का, एक ओळ कोणी लिहिली नाही. आणि खाली सगळ्यांचा एकच प्रश्न, रेट काय घेतो. त्या सतरात आमचावालाही होता! "बेस्ट वर्क" आणि पुढे हात जोडलेला इमोजी. चहा बाजूला ठेवून मी भलंमोठं टाइप केलं आणि पुसून टाकलं, कारण ग्रुपवर काही बोललं की ॲडमिन लगेच "प्लीज पर्सनलवर बोला" करतात. म्हणून इथे लिहितेय. इथे सगळे आपलेच आहेत, तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आमचा ओटा 2023 ला दिवाळीआधी बदलला. बिल्डरने दिलेला जुना ग्रॅनाइट सिंकपाशी तडकलेला, म्हणून. तीन जणांना बोलावलं. एकाने 51 सांगितले, एकाने 47, आणि आमच्या ह्यांच्या ऑफिसमधल्या कोणाच्या तरी ओळखीचा होता त्याने 34. सिंक, टाइल्स, तोडफोड, राडारोडा खाली नेणं, सगळं धरून 34 हजार. आता सांगा कोण निवडला असेल.

हा माणूस आला, किचनच्या दारातच उभा राहिला, मोबाइलवर बोलत बोलत टेप लावली, नऊ फूट आणि साडेपाच फूट असं हातावर पेनाने लिहिलं आणि हॉलमध्ये जाऊन सोफ्यावर बसला. पुढचं सगळं बोलणं ह्यांच्याशी. साहेब, जेट ब्लॅक टाकू. साहेब, एज डबल पट्टी देतो, एकदम रिच दिसेल. मी पाण्याचा ग्लास घेऊन उभी. मी म्हटलं, अहो दादा, उंची जरा कमी हवीय मला. तर म्हणे, "वहिनी, स्टँडर्ड हाइट असते, सगळीकडे तीच देतो, टेन्शन घेऊ नका." आणि परत साहेबांकडे तोंड. अख्ख्या अर्ध्या तासात त्या माणसाने मला एक प्रश्न विचारला नाही. एक! साहेब त्या ओट्यावर आयुष्यात फक्त चहा करतात, तोही रविवारी.

स्टँडर्ड हाइट म्हणजे ट्रॉल्या, त्यावर दगड, सगळं धरून 35 इंच झाली. माझी उंची चार फूट अकरा. दोन वर्षं, मी खरंच सांगतेय, दोन वर्षं मी पोळ्या लाटायला पायाखाली पाट घेतेय. जेवायला बसायचा पाट, आईने लग्नात दिलेला, पितळी फुलांचा. तो ओट्यासमोर असतो आणि येणारे जाणारे त्याला ठेचकाळतात.

उंचीचं सोडा. खरी मजा सिंकची. ओट्याचा दगड सगळ्यात नाजूक कुठे असतो तर सिंकच्या पुढच्या आणि मागच्या पट्टीत, कारण तिथे दोन-तीन इंचच दगड उरतो. ग्रॅनाइट वजन पेलतो पण वाकणं त्याला सहन होत नाही. त्यामुळे सिंकच्या भोकाचे कोपरे गोल ठेवायचे असतात, आधी चारही कोपऱ्यांना ड्रिलने भोक आणि मग सरळ कट. हे मला आत्ता माहितीय. तेव्हा काय माहीत असणार. आमच्याकडे चौकोनी कोपरे, आणि ग्रायंडर कोपऱ्याच्या पुढे अर्धा इंच गेलेला. तडा तिथूनच सुरू होतो. संक्रांतीच्या सुमारास मला सिंकच्या पुढे केसासारखी रेघ दिसली. वाटलं केसच आहे, पुसला. परत दिसला. नखाने खरवडला तर काळी लप्पी, म्हणजे फटीत भरायची पुट्टी, निघाली. म्हणजे तो दगड बसवायच्या आधीच तुटलेला होता, आणि त्यांनी काळा रंग कालवून इपॉक्सीने चिकटवून, वर पॉलिश मारून आम्हाला बसवून दिला होता.

फोन केला. पहिल्यांदा उचलला, म्हणाला पोरगा पाठवतो. मग उचललाच नाही. त्या फटीतून पाणी खाली, त्यात ओट्याच्या कडेखालून जी बारीक खाच मारायची असते, म्हणजे ओघळ मागे न जाता तिथेच गळतो, ती मारलेलीच नव्हती. सिंकखालच्या ट्रॉल्यांचा प्लाय भाकरीसारखा फुगला. 22 हजार त्याचे गेले. वाचवले होते 13. हिशोब तुम्हीच करा, मला करवत नाही.

तक्रार करा म्हणाल. कशाच्या जोरावर? त्याने तेव्हा विचारलं होतं, "साहेब, बिल पाहिजे असेल तर 18 टक्के वर जातील," आणि आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघून नको म्हटलं. हो, आमचीच चूक आहे, कळतंय मला, कोणी कमेंटमध्ये शिकवू नका.

आणि स्वस्तातला प्रत्येक माणूस चोरच असतो असंही नाही, मान्य. माझ्या आईकडचा ओटा गावातल्या गवंड्याने केला, कडप्प्याचा, पैसे काय घेतले असतील देव जाणे, पण पंचवीस वर्षं हललेला नाही. लिंबू आणि चिंच सांडून सांडून पांढुरका झालाय, कारण कडप्पा शेवटी चुनखडकच, आंबट लागलं की झिजतो. पण तडा नाही कुठे. आणि आईच्या बरोब्बर कमरेला आहे तो ओटा. का? तर गवंडी आईला म्हणाला होता, वहिनी, उभ्या राहा बरं इथे.

बास, एवढंच तर आहे.

आता ओटा परत बदलायचाय, तर ह्यावेळी मी ह्यांना सांगितलं, तुम्ही मध्ये पडू नका, मी बघते. दोन शनिवार कात्रज-कोंढवा रोडची दुकानं पालथी घातली. एका ठिकाणी इतका काळाभोर चकचकीत स्लॅब दाखवला की मीही भाळले असते, पण मैत्रिणीने सांगितलं होतं म्हणून पर्समध्ये नेलपॉलिश रिमूव्हर आणि कापूस नेला होता (हसू नका). कोपऱ्यात कापूस घासला तर कापूस काळा. म्हणजे करड्या दगडाला रंग चढवलेला. खरा काळा दगड असेल तर कापसाला काही लागत नाही. दुकानदाराचं तोंड बघण्यासारखं झालं. "मॅडम, ते पॉलिशचं असतं." असतं, असतं. ही मैत्रीण जिऑलॉजी शिकवते, ती म्हणते की हे काळेभोर दगड शास्त्राप्रमाणे बहुतेक ग्रॅनाइट नसतातच, बाजारात जे कडक आणि पॉलिश होतं ते सगळं ग्रॅनाइट. ते आंध्रातल्या ओंगोलजवळच्या चिमाकुर्तीचं सोनेरी ठिपक्यांचं ब्लॅक गॅलॅक्सी, तेसुद्धा. असू दे, मला पोळ्या लाटायच्यात, पीएचडी नाही करायची.

क्वार्ट्झ, म्हणजे तो कारखान्यात बनवलेला दगड, का नाही, असं निम्मे जण विचारणार. दिसतो सुंदर, मान्य, आणि डागही कमी पितो. पण त्यात दगडाचा चुरा बांधायला रेझिन असतं, गॅसवरची कढई थेट टेकवली की डाग पडू शकतो, आणि आमच्या घरात कढई कुठे टेकवायची हे कोणाला शिकवायचं? सासूबाईंना? आणि दुसरं एक कारण आहे, ते जरा वेगळं आहे.

2023 ला तो ओटा बसवला तेव्हा एक पोरगा आला होता कापायला. अठरा-एकोणीसचा असेल. राजस्थानातल्या करौलीकडचा. आमच्या बाल्कनीत बसून कोरडाच ग्रायंडर चालवत होता, तोंडाला रुमाल, डोळ्याला काही नाही. मी दार लावून घेतलं, पडद्यांवर धूळ बसते म्हणून. नंतर चहा द्यायला गेले तर तुळस राखाडी आणि ह्याच्या पापण्यापण राखाडी, म्हाताऱ्यासारख्या. म्हटलं, अरे पाणी मारून काप ना, मास्क तरी लाव. तर हसला, "आदत है आंटी." मग चहा पिताना बोलला, वडील दगडाच्या खाणीत होते, आता घरीच असतात, दम लागतो, दोन पावलं चालले की बसतात. आणि रुमाल झटकला, परत बांधला आणि बसला कापायला. मी कप घेऊन आत आले आणि तेव्हाही मनात पहिलं काय आलं असेल तर बाल्कनी कोण धुणार. खोटं कशाला बोलू.

दगडातली सिलिका बारीक होऊन फुप्फुसात बसते, सिलिकोसिस म्हणतात, बरा होत नाही. राजस्थान सरकारला 2019 मध्ये खास त्याच्यासाठी धोरण करावं लागलं, एवढी माणसं आहेत तिकडे. ग्रॅनाइटपेक्षा त्या कारखान्यातल्या क्वार्ट्झच्या स्लॅबमध्ये सिलिका कितीतरी जास्त असते, ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून त्यावर बंदीच घातली, कारण ओटे कापणारी पोरं तरुणपणीच आजारी पडायला लागली. तिकडे बंदी येते, इकडे रुमाल. आणि आपण 34 मध्ये करतो का म्हणून घासाघीस करतो. ते 13 हजार कोणाच्या खिशातून वाचतात? कॉन्ट्रॅक्टर थोडीच स्वतःचं सोडतो. त्या पोराचं मास्क वाचतं, पाणी मारायचा वेळ वाचतो. मला त्या सिंकच्या तड्याचा राग आला की मी अजून त्या पोराला मनात शिव्या घालते, की नीट कापता नाही आलं तुला, आणि मग त्या पापण्या आठवतात. डोळ्यात धूळ जाऊन काही दिसत नसेल त्याला. कसा गोल कोपरा करणार?

असो. भरकटले. तर आज अकराला नवा कॉन्ट्रॅक्टर आला. साठीचा असेल, सोबत मुलगा, दोघंच काम करतात, माप घेणारा तोच, कापणारा तोच, बसवणारा तोच. चपला बाहेर काढून आला. हे दारात गेले तर त्यांना नमस्कार केला आणि विचारलं, स्वयंपाक कोण करतं. (ह्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं, दुसरं करणार काय.) मी भाजी फोडणीला टाकत होते, सवयीने पाटावर उभी. तो दोन मिनिटं नुसता बघत उभा राहिला. मला वाटलं ट्रॉल्या बघतोय. तर म्हणाला,

"ताई, आधी पाटावरून खाली उतरा. मग माप घेतो."

मला काय झालं माहीत नाही, एकदम घशात दाटून आलं. कढईसमोर. दोन वर्षांत घरातल्या कोणाला तो पाट दिसला नव्हता. म्हणजे दिसला होता, ठेचा लागत होत्या ना, पण का आहे हे कोणी विचारलं नव्हतं. घरचे वाईट आहेत असं नाही, गैरसमज नको. नजर मरते रोज बघून.

मग म्हणाला, हात कोपरात वाकवा. कोपरापासून जमिनीपर्यंत टेप लावली, 36 इंच. त्यातून पाच वजा केले. "तुमचा ओटा 31 चा." मग कणीक कुठे मळता, मिक्सर कुठे, डावखुऱ्या आहात का, भांडी घासायला बाई येतात त्या किती उंच आहेत. बाईंची उंची! मी चार वर्षं त्यांना ओळखते, मला सांगता आली नाही. मग कोपऱ्यात गुण्या (काटकोन बघायचा) लावला आणि मान हलवली, भिंत गुण्यात नाही, अर्धा इंच बाहेर जातेय, टेपच्या मापाने कापला तर फट राहणार. पातळ प्लायचा साचा करून नेणार म्हणाला. सिंक आणि हॉब (ओट्यात बसवायची शेगडी) आधी घरात आणून ठेवा, खोकं बघितल्याशिवाय मी भोक मारत नाही. कटिंग शेडमध्येच करणार, पाण्यावर. इथे फक्त फिटिंग.

जुन्या तड्यावरून बोट फिरवलं त्याने, बराच वेळ. मला वाटलं आता आधीच्याला नावं ठेवणार, सगळे ठेवतात. नाही ठेवली. एवढंच म्हणाला, "घाई झालीय इथे."

53 सांगितले. बिलासकट. आमच्या ह्यांचा चेहरा पडला, आणि खरं सांगायचं तर माझाही पडला, ट्रॉल्यांची उंची कमी करायचा खर्च वेगळाच आहे. महिन्याचं बजेट कोलमडणार. ज्यांना 34 च परवडतात त्यांनी काय करायचं हा प्रश्न आहेच, त्याचं उत्तर नाहीये माझ्याकडे. पण कमीत कमी दारात उभं राहून माप घेणाऱ्याला तरी हाकला हो. 34 वालाही कोपरापासून टेप लावू शकतो, त्याला काय पैसे पडतात?

ग्रुपवर सकाळच्या त्या बाईंना मी शेवटी पर्सनलवर फोटो पाठवला, तड्याचा. त्यांचा रिप्लाय आला, "ओह. पण रेट काय घेतला होता?"

गुरुवारी जुना ओटा तोडणार, रविवारपर्यंत किचन बंद. गॅस बाल्कनीत मांडणार आहे, तुळस तेवढी आत घेतेय. कोणाकडे इंडक्शनवर चालणारा मोठा तवा असेल तर सांगा, चार दिवसांनी घासून परत देईन. आणि चिवड्याचा डबा पाठवणार असाल तर नाही म्हणणार नाही.