नुसतं बसायचे पैसे

दुकानाचा कॉम्प्युटर वेगवान करून दिल्याचं बिल मी दीड हजारांचं दिलं होतं. हातात पडले पाचशे रुपये आणि एका बुरशीनाशक कंपनीची टोपी. निळी, पुढे द्राक्षाचा घड छापलेली, माझ्या डोक्याला घट्ट. टोपी घालणं हा वाक्प्रचार मी आजवर लाक्षणिक अर्थानेच वापरत होतो.

दिंडोरी रस्त्यावरचं शेती औषधांचं दुकान. ऑक्टोबर छाटणी उरकलेली, वर अवकाळी पाऊस, म्हणजे द्राक्षावरच्या डाऊनी या बुरशीरोगाची धास्ती. काउंटरवर बागाईतदारांची ही गर्दी आणि एकेकाची उधारी शोधायला कॉम्प्युटर मिनिटभर घेतोय. मी तपासलं तर बिलांच्या टेबलाच्या (म्हणजे कॉम्प्युटरमधल्या नोंदवहीच्या) इंडेक्सचं, म्हणजे नोंद पटकन सापडावी म्हणून ठेवलेल्या सूचीचं, फ्रॅगमेंटेशन, म्हणजे विस्कटलेपण, ८७ टक्के! मायक्रोसॉफ्टचा जुना ठोकताळा असा, की ५ ते ३० टक्क्यांत रीऑर्गनाइझ करावं, म्हणजे आहे तेच आवरावं, ३० च्या वर गेलं की सरळ रीबिल्ड, म्हणजे नव्याने बांधणी. मी रीबिल्ड लावलं. दुपारी चार वाजता. हे काम रात्री करतात हे मला ठाऊक आहे, पण रात्री शटर उघडायचं म्हटल्यावर शेठचा चेहरा असा झाला की मीच मान तुकवली.

रीबिल्ड चालू असताना दुकानही चालू ठेवायची सोय एसक्यूएल सर्व्हरच्या, म्हणजे नोंदी सांभाळणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या सॉफ्टवेअरच्या, एंटरप्राइज आवृत्तीत असते. शेठकडे फुकटची एक्सप्रेस. तिच्यात काम संपेपर्यंत टेबलाला कुलूप. बिल निघत नाही, उधारी दिसत नाही. मी युरियाच्या गोणीवर बसलो. शेजारी नाना.

नाना म्हणजे शेठच्या वडिलांच्या वेळचे मुनीम. ऐंशीच्या घरात आहेत, काम काही नाही, पण रोज दहाला येऊन बसतात.

"काय करतोय रे तो?"

"नाना, इंडेक्स नव्याने बांधतोय. आठ-आठ केबीची पानं असतात. भरलेल्या पानात मध्येच नवी नोंद घुसवायची झाली की पान फाटतं, अर्ध्या नोंदी दुसऱ्याच कुठल्यातरी पानावर जातात. असं हजार वेळा झालं की..."

नानांनी डोळे मिटले. "आमच्या खतावणीत 'प'ला चार पानं असायची. पवार, पाटील, पिंगळे. नाशिक जिल्ह्यात 'प' कधी पुरलाय? श्रावणातच भरायचा. मग खाली लिहायचं, पुढे पान २१२ पाहा. तेही भरलं की पान ३०५. दिवाळीपर्यंत एका पवाराचा हिशेब काढायचा तर अंगठ्याची थुंकी वाळायची."

"अगदी तेच, नाना!"

"मग पाडव्याला नवी वही. सगळी नावं ओळीने उतरवायची. आणि नव्या वहीत 'प'ला कोरी पानं जास्त सोडायची."

मी गप्प. याला आमच्यात फिल फॅक्टर म्हणतात, आणि तो समजावून घ्यायला मी कॉलेज रोडवरच्या एका क्लासला चार महिन्यांची फी भरली होती. बरं, आमचा फिल फॅक्टर एका इंडेक्सला एकच टक्का. पवारांच्या पानावर जेवढी जागा मोकळी, तेवढीच 'ज्ञ'च्या पानावर.

"म्हणजे आमची वही बरी," नाना म्हणाले. "आणि ही पद्धत काढली कोणी?"

"१९७० मध्ये बोइंग कंपनीत, बायर आणि मॅक्राइट या दोघांनी. बी-ट्री म्हणतात."

"बी म्हणजे?"

"ते त्यांनी कधी सांगितलंच नाही."

"हां," असं म्हणून नानांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मला अजून सोसलेली नाही. "वही उतरवायला मला तीन रात्री लागायच्या. हाताने. हा मशीन उतरवतोय. मग तू काय करतोयस?"

"मी लक्ष ठेवतोय."

"म्हणजे बसलायस."

रांगेने हे ऐकलं. वणीचे एक काका कातावले, "अहो, बंद करा ते आणि माझं औषध द्या." मी तोंड उघडायच्या आत नानांनीच त्यांना समजावलं, "आता अर्ध्यात थांबवलं तर उतरवलेलं सगळं खोडत बसेल तो, त्याला आणखी वेळ जाईल. बरोबर ना रे?" बरोबरच होतं. रोलबॅक यापेक्षा सोपा करून मला क्लासातही कोणी सांगितला नव्हता.

मग नाना उठले, ड्रॉवरमधून कच्ची वही काढली आणि हाताने बिलं फाडायला लागले. बावीस मिनिटांत एकतीस बिलं. माणसं हसत, पिशव्या घेऊन, माझ्या गुडघ्यांवरून पाय टाकत बाहेर. रीबिल्ड संपलं, उधारी क्षणात दिसायला लागली, पण तिकडे बघायला काउंटरवर उरलं होतं कोण? ती एकतीस बिलं नंतर मशीनमध्ये मीच भरली. त्याचे पैसे लावलेले नाहीत.

बायकोलाही न सांगितलेली एक गोष्ट इथे सांगून टाकतो. रीबिल्डबरोबर स्टॅटिस्टिक्सही ताजी होतात. टेबलात कुठे किती माल आहे याचा सर्व्हरपाशी असलेला अंदाज म्हणजे स्टॅटिस्टिक्स. तो अंदाज शिळा झाला की सर्व्हर आडवाटेने शोधत बसतो. पुष्कळदा गुण येतो तो या ताज्या अंदाजाचा, आणि श्रेय जातं रीबिल्डला. नुसती स्टॅटिस्टिक्स ताजी करायला एक ओळ पुरते. त्यात बिलं थांबत नाहीत, रांग लागत नाही. मी आधी ते करून बघायला हवं होतं. पण मग गोणीवर बसायचेही पैसे मिळाले नसते.

शेठनी बिल पाहिलं आणि नानांकडे पाहिलं.

"पाचशे दे," नाना म्हणाले. "पोरगा बसून होता. आणि टोपी दे एक, उन्हातून आलाय."

काल सकाळी नानांचा फोन. "अरे, 'प' परत भरत आलाय का बघून जा की एकदा. बसायचंच तर आहे."